पहिला पगार किती? कॉमर्सवाल्यांच्या वाटेवरच्या १२ खमंग गोष्टी

कॉमर्सचा शेवटचा पेपर झाला की घरीदारी एकच चौकशी सुरू होते: ‘मग, पगार किती मिळेल?’ एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक जण १५ हजारांवर रुजू होतो आणि दुसरा काही वर्षांनी लाखाच्या घरात. हुशारीने थोडा फरक पडतो, पण खरा फरक पडतो निवडलेल्या वाटेने. त्या वाटेवरच्या या बारा गोष्टी.

१. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज आपल्या मुंबईत
सिडनहॅम कॉलेज सुरू झालं १९१३ मध्ये. आशिया खंडात वाणिज्य शिकवणारं ते पहिलं महाविद्यालय. शेअर बाजारातले राकेश झुनझुनवाला इथलेच, एचडीएफसी घडवणारे दीपक पारेखही इथलेच, आणि दोघेही पुढे चार्टर्ड अकाउंटंट झाले. पुण्याच्या बीएमसीसीचा जन्म १९४३ चा. हिशेबाचं शिक्षण महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनं आहे.

२. नुसत्या बी.कॉम.चा आकडा
पुण्या-मुंबईतल्या छोट्या फर्ममध्ये किंवा व्यापाऱ्याकडे नवखा अकाउंटंट साधारण १५ ते २० हजारांवर लागतो. परदेशी कंपन्यांची हिशेबाची कामं करणाऱ्या मोठ्या केंद्रांत हाच आकडा वर्षाला ३ ते ४ लाखांपर्यंत जातो. तालुक्याच्या गावी तो खाली येतो. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा वेगळेच प्रश्न येतात: जीएसटीचं रिटर्न स्वतः भरलंय का? बँक रिकन्सिलिएशन जमतं का? एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतं का? तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्याला पगाराबद्दल चार शब्द जास्त बोलता येतात.

३. वडिलांची अडचण, मुलाचं टॅली
श्यामसुंदर गोयंका कापडगिरण्यांना यंत्रांचे भाग पुरवायचे. धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलालाच, भरतला, ते लिहायला सांगितलं. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे देशभरातल्या दुकानांत आणि कारखान्यांत टॅली पोहोचलं. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आज ‘टॅली येतं’ या दोन शब्दांवर हजारो मुलामुलींची पहिली नोकरी ठरते.

४. आर्टिकलशिप: शिकणं भरपूर, पैसे थोडे
सीए व्हायचं तर एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ही उमेदवारी ३ वर्षांऐवजी २ वर्षांची झाली आणि किमान विद्यावेतन दुप्पट केलं गेलं. तरीही मोठ्या शहरात पहिल्या वर्षाची किमान रक्कम महिन्याला ४,००० रुपयेच आहे. मोठ्या फर्म याहून बरंच जास्त देतात. पण किमान रकमेवर मुंबईत कॉटबेसिसची जागाही मिळत नाही. गावाकडच्या हुशार मुलांची वाट इथेच अडते, म्हणून ही रक्कम अजून वाढायलाच हवी.

५. एप्रिलमधली गावोगावची शाळा
३१ मार्चला वर्ष संपतं आणि एप्रिल उजाडताच बँकांच्या शाखांचं ऑडिट सुरू होतं. आर्टिकल मुलं सीएंबरोबर गावोगावच्या शाखांत जाऊन बसतात. पीककर्जाची खाती, थकलेले हप्ते, सोनेतारणाची नोंद, कागदावरचा आणि गोदामातला माल हे सगळं डोळ्यांखालून जातं. कर्ज बुडीत कधी धरायचं हे पुस्तकात परिच्छेदभर वाचलेलं असतं. इथे त्याच कर्जामागे माणूस आणि त्याची सही दिसते. पहिल्या पगाराची किंमत अशाच आठवड्यांत वाढते.

६. प्रत्येक पेपरात पास, तरीही नापास
सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. आता गणित करा. तीन पेपरांचा एक ग्रुप, म्हणजे ३०० पैकी १५० हवेत. तिन्हींत ४०-४० मिळाले तर बेरीज १२०. एकही पेपर गेला नाही, तरी ‘अ‍ॅग्रिगेट गेलं’. फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्या शंभरांपैकी साधारणपणे वीसहून कमी जण एका झटक्यात सुटतात. एक दिलासा आहे: ग्रुप राहिला तरी एखाद्या पेपरात ६० मिळाले असतील, तर नियमांनुसार त्या पेपरातून सूट मिळते.

७. डोंबिवलीची भाजीवाली आई
जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीतला एक तरुण सीए झाला आणि निकाल सांगायला थेट भाजी विकणाऱ्या आईकडे गेला. मायलेकरांच्या मिठीचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. त्याआधी २०१३ च्या जानेवारीत सीए फायनलचा निकाल लागला, तेव्हा देशात पहिली आलेली मुलगी मालाडच्या एका रिक्षाचालकाची होती. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या मानाने सीएची फी आजही कमी आहे. एका पिढीत घराची परिस्थिती पालटणाऱ्या वाटा फार नाहीत. त्यातली ही एक आहे.

८. १२ लाखांचं पॅकेज: हातात किती?
सीए संस्थेच्या कॅम्पस मुलाखतींत नव्याने पास झालेल्यांना गेल्या काही वर्षांत सरासरी वर्षाला १२ लाखांच्या आसपासचं पॅकेज मिळत आलं आहे. मात्र पॅकेज आणि पगार एक नव्हे. त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस असं सगळं धरलेलं असतं. ऑफर लेटर हाती आलं की आधी ठरलेला भाग आणि बदलता भाग वेगळे मांडा. ताळेबंद वाचायला शिकलेल्याने स्वतःच्या पगाराचा कागद तरी नीट वाचावा!

९. १ जुलै, दोन वाढदिवस
चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली १ जुलै १९४९ रोजी, म्हणजे राज्यघटना लागू होण्याच्याही आधी. जीएसटी आला १ जुलै २०१७ रोजी. सीए दिनालाच नव्या कराने काम वाढवलं. जीएसटीच्या रिटर्नांमुळे महिन्याची ११ आणि २० तारीख अकाउंटंटच्या कॅलेंडरवर ठळक झाली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदाही लागू झाला आहे. जुन्यांना आणि नव्यांना तो एकदमच शिकावा लागतोय. नवख्यांसाठी याहून चांगली वेळ कुठली?

१०. तुरुंगातून आलेली पहिली स्त्री हिशेबतज्ज्ञ
१९१८ मध्ये मुंबईत सरकारी अकाउंटन्सी पदविका सुरू झाली. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ मध्ये ही पदविका मिळवून देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट ठरल्या. त्याआधी स्वातंत्र्यलढ्यात त्या वर्षभर तुरुंगात होत्या आणि तुरुंगवास झालेल्यांना अकाउंटंट म्हणून नोंदणी करायला कायद्याची आडकाठी होती. त्या कोर्टात गेल्या, लढल्या आणि त्यांनी नोंदणी मिळवली. आज सीएच्या वर्गातल्या मुली बघाव्यात आणि शिवभोगम यांचं नाव आठवावं.

११. सीए न होताही ऑडिटर, आणि साहेबही
महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत: गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने. दरवर्षी त्यांचं लेखापरीक्षण व्हावं लागतं. त्यासाठी राज्याच्या सहकार खात्याची ‘जी.डी.सी. अँड ए.’ ही परीक्षा आहे. ती पास होऊन लागणारा अनुभव मिळवला की शासनाच्या लेखापरीक्षकांच्या यादीत नाव लावता येतं. नोकरी सांभाळून ती देणारे पुष्कळ आहेत.

सरकारी नोकरीच हवी असेल तर एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत गट-अ अधिकारी होता येतं. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. केंद्राच्या एसएससी परीक्षेतून कॅगच्या कार्यालयांत ऑडिटर किंवा अकाउंटंट झालात तर सुरुवात २९,२०० रुपयांवर, आणि असिस्टंट ऑडिट ऑफिसर झालात तर ४७,६०० रुपयांवर. महालेखाकारांची कार्यालयं मुंबईत आहेत आणि नागपुरातही.

१२. समुद्रापलीकडचा हिशेब
संयुक्त अरब अमिरातीत २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला. २०२३ पासून ३,७५,००० दिरहमपेक्षा जास्त नफ्यावर ९ टक्के कंपनी कर सुरू झाला. जिथे कर नव्हता तिथे तो आला की हिशेब जाणणाऱ्यांना मागणी येते, आणि दुबईतल्या भारतीय अकाउंटंट्सना हे चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेची सीपीए परीक्षाही २०२० पासून भारतात बसून देता येते. पेपर चारच: तीन सक्तीचे, एक आवडीचा.

जाता जाता: सही करण्याआधी तीन प्रश्न
पहिल्या नोकरीत २ हजार रुपये जास्त मिळतात म्हणून वर्षभर फक्त बिलं नोंदवत बसलात, तर तिसऱ्या वर्षी पगार तिथेच अडतो. थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण काम बहुरंगी हवं. म्हणून मुलाखतीतच विचारा. एक: वर्षअखेरीचा ताळेबंद बनवण्यात माझा हात असेल का? दोन: जीएसटी, टीडीएस आणि आयकर या तिन्हींचं काम मला मिळेल का? तीन: पुढची परीक्षा द्यायला रजा मिळेल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर आकडा जरा लहान असला तरी बिनधास्त सही करा. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना पगार ठरेल तो याच कामावर.