भावना, अवकाश आणि रंग : वास्तुकलेच्या प्रथम वर्षातील स्वाध्याय आणि सोलापूरचा परिसर

प्रस्तावना

वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रथम वर्षी ‘बेसिक डिझाइन’ हा विषय शिकविला जातो. घर, शाळा किंवा दवाखाना यांचे आराखडे हाती देण्यापूर्वी विद्यार्थ्यास रेषा, प्रतल, घनाकार, पोत, प्रकाश आणि रंग यांचा परिचय व्हावा, हा त्यामागील हेतू होय. ‘एखादी भावना निवडा व ती अवकाशातून व्यक्त करा’ हा त्यातील एक सर्वपरिचित स्वाध्याय. तथापि त्याची उत्तरे बहुधा ठरावीक साच्याची येतात. राग म्हटला की लाल रंग व टोकदार आकार, शांतता म्हटली की निळा रंग व वर्तुळ, भीती म्हटली की काळोख. येथे विद्यार्थ्याने अवकाश घडविलेला नसतो, एका चिन्हाचे केवळ भाषांतर केलेले असते. हा स्वाध्याय अर्थपूर्ण कसा करता येईल आणि सोलापूरसारखे शहर त्यास कोणती सामग्री पुरविते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंग व भावना : दोन परंपरा

या स्वाध्यायाचे मूळ जर्मनीत १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात आढळते. योहानेस इटेन यांनी तेथे साहित्य, पोत व रंग यांच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर दिला. तेथील दुसरे अध्यापक वासिली कांदिन्स्की यांनी १९२३ मध्ये एक प्रश्नावली वाटून त्रिकोण, चौकोन व वर्तुळ यांना पिवळा, लाल व निळा यांपैकी कोणता रंग शोभतो, असे विचारले होते. त्यांचे स्वतःचे मत पिवळा त्रिकोण, लाल चौकोन व निळे वर्तुळ असे होते.

भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्राने प्रत्येक रसास रंग दिला आहे. शृंगाराचा श्याम, हास्याचा श्वेत, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा करडा, रौद्राचा लाल, वीराचा गौर, भयानकाचा काळा, बीभत्साचा निळा आणि अद्भुताचा पिवळा. या दोन मांडण्या शेजारी ठेवल्या असता काही ठिकाणी मेळ बसतो, काही ठिकाणी नाही. रौद्राचा लाल आजच्या विद्यार्थ्यासही सहज पटतो. मात्र ज्या निळ्याला तो शांततेचा रंग समजतो, तो नाट्यशास्त्रात बीभत्साचा आहे.

पांढऱ्या रंगाचे उदाहरण तर सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोरचे आहे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वजांसमवेत चालणारे भक्त पांढरी बाराबंदी परिधान करतात. तेथे पांढरा रंग उत्साहाचा व पावित्र्याचा असतो. हाच रंग शोकप्रसंगीही दिसतो आणि नाट्यशास्त्रात तो हास्याचा आहे. तात्पर्य, रंगाची भावना रंगात एकटी वसत नाही. प्रसंग, सवय आणि सभोवतालचा अवकाश मिळून ती ठरवितात.

विणकामाकडून मिळणारा धडा

रंगाचा परिणाम शेजाऱ्यावर अवलंबून असतो, हे तत्त्व प्रथम कापडाच्या कारखान्यातच पद्धतशीरपणे तपासले गेले, ही बाब सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काही रंगांविषयी, विशेषतः काळ्याविषयी, तक्रारी आल्या. तपासाअंती त्यांना असे आढळले की, दोष रंगद्रव्यात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बाउहाउसमध्ये शिकलेले जोसेफ अल्बर्स यांनी हेच सूत्र अध्यापनात आणले व १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर याच तत्त्वाचा वस्तुपाठ आहे. जकार्ड यंत्रासाठी नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरविली जाते. दोन रंगांचे धागे जवळून वेगवेगळे दिसतात, तर दुरून त्यांचा तिसराच रंग भासतो. अशी चादर एक हात अंतरावरून व नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहून दोन्ही वेळचे रंग कागदावर जुळविणे, हा पहिला स्वाध्याय म्हणून उत्तम ठरतो.

अवकाशाचे दोन स्वाध्याय

दुसरा स्वाध्याय पुठ्ठ्याच्या पेटीचा. सर्वांना एकाच मापाची, आतून पांढरी पेटी द्यावी. प्रकाशासाठी एक झरोका आणि डोळा लावण्यासाठी माणसाच्या उंचीच्या प्रमाणात एक छिद्र ठेवावे. झरोका माथ्यावर असता, कोपऱ्यात असता किंवा जमिनीलगत असता काय वाटते, हे प्रथम रंगाविना नोंदवावे. त्यानंतर केवळ एक भिंत रंगवावी. लाल भिंतीचा आभास शेजारच्या पांढऱ्या भिंतींवर उतरतो आणि न रंगविलेली जागाही तांबूस होते. रंग हा पृष्ठभागाचा लेप नसून अवकाशात पसरणारा घटक आहे, हे व्याख्यानापेक्षा येथे अधिक लवकर उमगते.

तिसरा स्वाध्याय प्रत्यक्ष स्थळाचा. तलावात वसलेल्या सिद्धेश्वर मंदिराकडे जाताना रस्त्याची वर्दळ, पाण्याचा मोकळा विस्तार, सभामंडपाची सावली आणि गाभाऱ्याचा अंधार अशी स्थित्यंतरे घडतात. सोलापूरच्या प्रखर उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यावयास वेळ लागतो. त्या काही क्षणांत पाऊल आपोआप मंदावते. विद्यार्थ्याने या वाटेवरील पाच ठिकाणी थांबून उजेड, आवाज, पायाखालचा पृष्ठभाग व आपली चाल यांची नोंद करावी. पूर्व भागातील विणकर वस्तीतही, घरमालकांच्या अनुमतीने, असाच अभ्यास करता येईल. जेथे माग व संसार एकाच छताखाली आहेत, तेथे आवाज हाही अवकाशाचा घटक ठरतो.

मूल्यमापनाचा प्रश्न

भावनेस गुण कसे द्यावेत, ही अध्यापकांची खरी अडचण आहे. सादरीकरणाच्या वक्तृत्वावर गुण दिल्यास मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी मागे पडतो. त्याची पेटी बोलकी असते, परंतु इंग्रजी अडखळते. म्हणून प्रतिकृतीवर शीर्षक न लावता ती सहाध्यायांना पाहू द्यावी. त्यांना काय वाटले व कशामुळे वाटले, हे त्यांनी स्वतःच्या भाषेत दोन ओळींत लिहावे. ही उत्तरे निर्मात्याच्या हेतूशी जुळलीच पाहिजेत, असा आग्रह नसावा. त्याऐवजी विद्यार्थ्याने एकच घटक बदलून परिणाम कसा बदलेल याचे भाकीत करावे आणि ते पुन्हा पडताळावे. गुण भावनेला नव्हे, तर निरीक्षण, कारणमीमांसा आणि सुधारणा यांना द्यावेत.

समारोप

उद्या हाच विद्यार्थी रुग्णालयाची प्रतीक्षागृहे, शाळेचे वर्ग आणि कामगारांची घरे रचणार आहे. निळा रंग शांततेचा असतो, एवढेच पाठ करून बाहेर पडलेला वास्तुविशारद भिंत निळी रंगवील, परंतु पश्चिमेचे ऊन आत येऊ देईल. भावना ही उजेड, माप, आवाज, स्पर्श व रंग यांच्या परस्परसंबंधातून घडते, हे ज्याने हाताने तपासले आहे, तो प्रथम खिडकीची जागा बदलील आणि मग रंगाचा विचार करील. प्रथम वर्षाच्या या लहानशा स्वाध्यायाचे मोल यातच आहे.