देशाच्या वेशीवरची जकात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ‘जकात’ हा शब्द मी लहानपणी दोन ठिकाणी ऐकला. एक घरात आणि दुसरा नाक्यावर. घरात जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा गरिबांसाठी बाजूला काढणे. नाक्यावर जकात म्हणजे शहरात शिरणाऱ्या मालावरची वसुली. मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येताना दानाचा कर मालाचा कर होऊन बसला. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा उठले. पण देशाच्या वेशीवरचा नाका जागेवर आहे. त्याला आपण कस्टम्स म्हणतो, कागदोपत्री सीमाशुल्क.

पूर्वी या नाक्याशी संबंध यायचा तो व्यापाऱ्यांचा, नाहीतर आखातातून सुट्टीवर आलेल्या आपल्या कोकणातल्या माणसांचा. आता घरबसल्या परदेशी दुकानातून वस्तू मागवता येते आणि कॉलेजातली मुलगीसुद्धा आयातदार होते. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पडद्यावर बटण दाबताना आपल्याला वाटते, आपण गिऱ्हाईक आहोत. पण माल परदेशातून निघाला की सरकारच्या दृष्टीने तो मागवणारा आयातदार असतो. साधारणपणे शुल्क त्याने भरायचे, आणि मालाची माहिती खरी आहे की नाही याचा जाबही त्यालाच विचारला जातो.

हे शुल्क असतेच कशाला, असे तरुण मुले विचारतात. सरकारच्या तिजोरीसाठी, हे एक उत्तर. दुसरे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे स्वस्त मीठ कोकणातल्या मिठागरांच्या मुळावर येऊ लागले, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून त्या मिठावर भारी जकात बसवायला सांगितले. बाहेरचे मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे, म्हणजे आपले मीठ विकले जाईल, हा त्यामागचा विचार. आजच्या सीमाशुल्कामागेही हा विचार आहेच.

आता हिशेब पाहू. समजा, जपानमधून तुम्ही शाईचे एक पेन मागवले. किंमत पाच हजार रुपये, टपाल आणि विमा मिळून एक हजार. पुष्कळांना वाटते की शुल्क पाच हजारांवर लागेल. तसे नाही. वस्तू इथे पोचवण्याचा खर्चही किमतीत धरतात, म्हणजे आकारणी सहा हजारांवर होते. मूळ सीमाशुल्क दहा टक्के आहे असे उदाहरणापुरते धरा. झाले सहाशे. या सहाशेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साठ. हा अधिभार २०१८ मध्ये जुन्या शिक्षण उपकराच्या जागी आला. बेरीज झाली ६,६६०. आता या बेरजेवर, लक्षात घ्या, मूळ किमतीवर नव्हे, एकात्मिक वस्तू व सेवा कर. तो अठरा टक्के धरला तर १,१९८ रुपये ८० पैसे. एकूण भरायचे १,८५८ रुपये ८० पैसे. पाच हजारांचे पेन जवळजवळ सात हजार आठशे साठ रुपयांना पडले. तिन्ही दर नुसते एकाखाली एक मांडले तर हा आकडा येत नाही, कारण इथे करावर कर चढतो. शिवाय परकी चलनाचा भाव सरकारने या कामासाठी जाहीर केलेला धरतात, तुमच्या बँकेचा नव्हे.

दर वस्तूगणिक वेगळे असतात आणि अर्थसंकल्पात बदलतातही. म्हणून आकडे पाठ करू नका. पण ही पद्धत समजून ठेवली की कुठलाही दर आला तरी हिशेब मांडता येतो.

माल दोन वाटांनी येतो. टपालाने आला तर तो मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनासारख्या ठिकाणी उतरतो. पाकिटावर पाठवणाऱ्याने आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे लिहिलेली चिठ्ठी डकवलेली असते. सीमाशुल्क अधिकारी ती पाहून आकारणी करतात, आणि पार्सल हाती देताना पोस्ट ते पैसे घेऊन पावती देते. कुरियरने आला तर विमानतळावर कुरियर कंपनीच तुमच्या वतीने कागद भरते. त्यासाठी ती तुमचे ओळखपत्र मागते, बऱ्याचदा शुल्क आधी स्वतः भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. या सेवेचे तिचे शुल्क वेगळे असते. म्हणून बिल आले की सरकारचे किती आणि कंपनीचे किती, हे दोन रकाने वेगळे करून पाहावेत. काही विक्रेते सगळे शुल्क आधीच किमतीत घेतात. तसे असेल तर त्यांच्या पानावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर खर्च आपल्या माथी, असेच समजून चालावे.

काही विक्रेते एक युक्ती सुचवतात. ‘पाकिटावर भेटवस्तू असे लिहू का? किंमत थोडी कमी दाखवू का?’ ऐकायला गोड वाटते. पण भेटवस्तूंच्या सवलतीचा असाच गैरवापर वाढला, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने टपालाने किंवा कुरियरने बिनशुल्क भेटवस्तू आणण्यावर बंदी घातली. जीव वाचवणारी औषधे आणि राखी, एवढे दोनच अपवाद त्या आदेशाने ठेवले. करांच्या रुक्ष भाषेत कुणीतरी राखीची आठवण ठेवली, याचे मला कौतुक वाटते. बाकी भेट असली तरी शुल्क भरूनच ती येते. किंमत खोटी लिहिली तर माल जप्त होऊ शकतो, दंडही होतो, आणि युक्ती सांगणारा विक्रेता तेव्हा समुद्रापलीकडे असतो. काही वस्तू तर शुल्क भरूनही आणता येत नाहीत. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली, २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर.

हे वारे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल बिनशुल्क येऊ देत. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सर्व देशांसाठी काढून घेण्यात आली. नवे शुल्क कुणी आणि कसे गोळा करायचे, याचा घोळ झाल्याने आपल्या टपाल खात्याला तिकडची सेवा थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मुलांना फराळाचा डबा पाठवणाऱ्या कितीतरी आयांना त्या वर्षी सीमाशुल्क म्हणजे काय ते कळले.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. इंटरनेटवर ओळख झालेल्या कुणा परदेशी गृहस्थाने भेट पाठवली आहे, ती विमानतळावर अडकली आहे, अमुक खात्यात शुल्क भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल, असा त्यांना फोन आला. बाईंनी पेन्शनमधले पंचेचाळीस हजार भरले. दुसऱ्या दिवशी दंडाचे आणखी मागितले. पैसे गेले त्यापेक्षा त्यांना शरम जास्त टोचली. महिनाभर त्या मुलालाही काही बोलल्या नाहीत.

त्या फोनमध्ये खरे काहीच नव्हते. सीमाशुल्क विभाग फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. त्यांच्या पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. कुरियर कंपनीचा म्हणून संदेश आला तर त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर आपण होऊन जा आणि पार्सलचा क्रमांक घालून पाहा. आणि फसलातच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

खरी जकात मागणारा पावती देतो, हिशेब दाखवतो आणि विचार करायला वेळ देतो. जो घाई करतो, भीती घालतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो, तो सरकारचा माणूस नव्हे. घरात कुणी वडीलधारे एकटे राहत असतील तर आजच त्यांच्याशी बसून एवढे बोला.