माळ्यावरचं सामान आणि प्रोजेक्टमधली स्क्रिप्ट

तुमच्यापैकी काहींची मुलं शाळा-कॉलेजात असतानाच ओपन सोर्स प्रोजेक्टला हातभार लावत असतील. त्यांच्यापुढे लवकरच एक प्रश्न येतो. स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली छोटी स्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये द्यावी, की आपल्याकडेच ठेवावी?

स्क्रिप्ट म्हणजे रोजचं कंटाळवाणं काम आपोआप उरकणारा छोटासा प्रोग्राम. कुणाची टेस्ट चालवते, कुणाची नवी आवृत्ती तयार करते. मला उपयोग झाला, इतरांनाही होईल, हा विचार चांगलाच. पण घरातला माळा आठवा. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत प्रत्येक जण एकेक वस्तू वर टाकतो आणि साफसफाई एकाच माणसाच्या गळ्यात पडते. प्रोजेक्टमध्ये तो माणूस म्हणजे मेंटेनर, आणि पुष्कळदा तो हे काम बिनपगारी करत असतो.

२००५ मध्ये सुरू झालेल्या गिटनं अशा सामानासाठी ‘कॉन्ट्रिब’ नावाचा वेगळा फोल्डर ठेवला. टॅब दाबल्यावर कमांड पूर्ण करणारी स्क्रिप्ट तिथलीच. मर्क्युरियलशी जोडणारं अवजार मात्र २०१४ मध्ये तिथून बाहेर पडलं आणि वेगळं सांभाळलं जाऊ लागलं.

मग सगळ्याच स्क्रिप्ट बाहेर ठेवाव्यात का? तेही धोक्याचं. मार्च २०२४ मध्ये फाइलचा आकार लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारा बिल्ड स्क्रिप्टचा भाग सर्वांना दिसणाऱ्या रिपॉझिटरीत नव्हताच, फक्त डाउनलोडच्या पॅकेजात होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं.

म्हणून माझं मत असं: जिच्याशिवाय टेस्ट चालत नाहीत किंवा नवी आवृत्ती बनत नाही, ती स्क्रिप्ट प्रोजेक्टमध्येच हवी आणि मुख्य कोडइतकीच बारकाईनं तपासलेली हवी. नुसती आपल्या सोयीची असेल, तर ती आपल्या रिपॉझिटरीत ठेवावी आणि प्रोजेक्टच्या माहितीत तिचा दुवा द्यावा.

देण्याआधी मुलांना तीन गोष्टी विचारा. आत पासवर्ड राहिलाय का? गिटमधून फाइल काढली तरी तो जुन्या इतिहासात राहतो, त्यामुळे बदलावाच लागतो. दुसरं, ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालते का? आणि तिसरं, सहा महिन्यांनी बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल आणि मेंटेनर ‘नको’ म्हणाला, तर मुलांना समजावा, की हा अपमान नाही. आपल्या पश्चात ती वस्तू कोण सांभाळणार, एवढंच तो विचारतोय.