खिशातली रिव्हॉल्वर आणि मळ्यातली रात्र

बीडमधल्या शस्त्रपरवान्यांची छाननी, पुण्यातल्या एका परवान्यावरून पेटलेलं राजकारण आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी थेट मध्य प्रदेशातल्या उमर्टीत जाऊन गावठी कट्ट्यांच्या कारखान्यांवर घातलेला छापा, या बातम्या वाचकांना ठाऊक आहेत. गुंडाला परवाना कसा मिळाला, यावर भरपूर बोलून झालं. पण ज्याच्यावर एकही गुन्हा नाही आणि ज्याला मनापासून भीती वाटते, अशा माणसाने रीतसर परवाना काढून छोटी रिव्हॉल्वर घेतली, तर तो खरंच सुरक्षित होतो का? याचा विचार फारसा कुणी केला नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात हा प्रश्न अनेक घरांना लागू पडतो. उमराण्याच्या बाजारातून कांद्याचा व्यवहार आटोपून अंधारात भावडबारीच्या घाटाने परतणारा व्यापारी आहे. गावापासून दूर मळ्यात राहणारी कुटुंबं आहेत. लोहोणेर-विठेवाडीकडच्या गिरणाकाठच्या उसात बिबट्या आहे, आणि शेतीची वीज रात्री आली की त्याच अंधारात पाणी भरायला जावं लागतं. ही भीती खोटी नाही. तिची टिंगल करणाऱ्याने एक रात्र मळ्यात काढावी.

या भीतीवर बाजारात उपाय म्हणून जे मिळतं, ते लहान आणि हलकं शस्त्र आहे. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ आणली. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर खास महिलांसाठी म्हणून तिची जाहिरात झाली. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. मग इशापूरच्या रायफल कारखान्याची ‘निडर’ आली, अवघ्या 250 ग्रॅमची. ऑगस्ट 2023 मध्ये कानपूरच्याच ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ बाजारात आणली. वजन साधारण 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटरची आणि काडतुसं भरायची चक्री बाजूला उघडणारी. मारा 50 मीटरपर्यंत, असा कंपनीचा दावा आहे.

अमेरिकेत याच काळात सिग सॉअरच्या 2018 च्या ‘पी 365’ने खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचं गणितच बदललं. तळहाताएवढ्या पिस्तुलात 9 मिलिमीटरच्या दहा गोळ्या बसू लागल्या. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला 9 मिलिमीटर निषिद्ध आहे. त्यामुळे ‘निर्भीक’ असो वा ‘प्रबल’, गोळी तीच जुनी .32 ची. 1896 च्या सुमाराची ही गोळी 9 मिलिमीटरच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश जोराची. चवताळलेल्या बिबट्यासमोर तिच्यावर भरवसा ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. 

पण माझ्या मते गोळीचा जोर हा दुय्यम मुद्दा आहे. खरा मुद्दा वेळेचा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर डेनिस ट्युलर यांच्याकडे जावं लागतं. ट्युलर हे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलात सार्जंट होते, शिपायांना गोळीबार शिकवायचे. हातात सुरा घेतलेला माणूस किती अंतरावर असेपर्यंत पोलिसाला बंदूक काढायला वेळ मिळतो, असा साधा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी माणसं प्रत्यक्ष पळवून घड्याळ लावलं. धडधाकट माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, असं दिसलं. तयारीचा पोलिसही कमरेचं पिस्तूल काढून नेम धरून गोळी झाडायला तेवढाच वेळ घेतो. 1983 मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं आणि आज जगभरच्या पोलिस प्रशिक्षणात ते शिकवलं जातं.

आता हे 21 फूट आपल्या मळ्यात मोजा. ओसरीपासून अंगणातल्या ट्रॅक्टरपर्यंतचं अंतर फार तर तेवढंच भरेल. ट्युलर यांचा पोलिस जागा होता, उभा होता, शस्त्र त्याच्या कमरेला होतं आणि हात सरावलेला होता. आपला परवानाधारक रात्री दोन वाजता झोपेतून उठणार. रिव्हॉल्वर कपाटात, कारण घरात मुलं आहेत आणि शस्त्र कुलपातच असायला हवं. कुत्री भुंकून थांबली, दार वाजलं, इथपासून चावी सापडेपर्यंत दीड सेकंद केव्हाच संपलेला असतो. शिवाय हलक्या शस्त्राचा झटका हाताला जास्त बसतो आणि आखूड नळीने नेम साधायला सराव अधिक लागतो. म्हणजे जे शस्त्र नवशिक्याला विकायचं म्हणून लहान केलं, तेच चालवायला सर्वांत अवघड.

कायद्याची बाजू थोडक्यात. देवळ्याच्या माणसाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि चौकशी ग्रामीण पोलिस करतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकूनच न्यावं लागतं. लग्नात कमरेला दिसेल असं लावून मिरवणं हाच नियमभंग आहे. वरातीत हवेत गोळी झाडली, तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध तो बराच व्यापक आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर जाब मालकालाच द्यावा लागेल.

त्याच 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. मला हे चुकीचं वाटतं. पाच वर्षं एकही गोळी न झाडलेला हात संकटात नेम साधेल, ही अपेक्षाच गैर आहे. 2016 च्या नियमांत सुरक्षा-प्रशिक्षणाची अट आहे. तिला दरवर्षीच्या सरावाची जोड हवी.

आणि कट्ट्याच्या वाटेला तर कुणी चुकूनही जाऊ नये. ‘परवान्याला वेळ लागतो, उमर्टीची वस्तू स्वस्तात मिळते’ असं सांगणारा तुमचा हितचिंतक नाही. विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे, आणि घरच्या भट्टीत घडवलेली नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

सव्वा-दीड लाख रुपये खर्चायची तयारी असलेल्या मळेकऱ्याने आधी अंगणात दिवे, मजबूत दार, कॅमेरा आणि चार वस्त्यांचा मिळून फोनगट एवढं करावं. रोकड सोबत बाळगावी लागू नये म्हणून व्यापाऱ्यांनी चुकारे बँकेतून द्यावेत आणि शेतकऱ्यांनी तसा आग्रह धरावा. शेतीला दिवसा वीज आणि मळ्यांच्या रस्त्यांवर रात्रीची पोलिस गस्त, या दोन मागण्या ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. शस्त्रपरवान्याचा अर्ज त्यानंतर, आणि तोही नेमबाजी शिकायची तयारी असेल तरच.