इलेक्ट्रॉनांना पळवणारा किलबिलाट

31 जानेवारी 1958 ला अमेरिकेचा ‘एक्सप्लोरर 1’ कक्षेत गेला आणि त्यावरचा गायगर गणक ठरावीक उंचीच्या वर चक्क मुका होऊ लागला. जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाने उलगडा केला : कण इतके होते की गणकाला मोजणंच झेपेना. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या त्या कणांचे पट्टे आज व्हॅन ॲलन यांच्या नावाने ओळखले जातात.

बाहेरच्या पट्ट्यातले काही इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि उपग्रहाचं कवच भेदून आतल्या यंत्रणेत विद्युतभार साठवतात. सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन त्यांच्यापुढे अगदीच दुबळे. मग ही ताकद येते कुठून?

बाहेरून आत, अधिक बळकट चुंबकीय क्षेत्रात सरकताना ऊर्जा वाढते, असं एक मत. दुसऱ्या मताचा रोख होता ‘कोरस’ लहरींवर. चुंबकीय वादळात रात्रीच्या बाजूने आत लोटलेले कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन या विद्युतचुंबकीय लहरी जागवतात. त्यांची वारंवारता आपल्या कानांच्या टप्प्यातली. संकेत स्पीकरवर सोडला की पहाटेची पाखरंच ऐकू येतात.

इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती सेकंदाला हजारो गिरक्या घेतो आणि लहरीचं विद्युतक्षेत्रही त्याच दिशेने फिरतं. फुगडीत भोवतालचं सगळं गरगरतं, समोरचा चेहरा मात्र स्थिर दिसतो. ताल जुळला की इलेक्ट्रॉनला लहरीचं क्षेत्र तसंच स्थिर भासतं आणि धक्का एकाच दिशेने बसत राहतो. असंख्य दुबळ्यांची ऊर्जा लहरीमार्फत मोजक्या बलवानांकडे जाते. निसर्गालाही समतेचं वावडंच दिसतं!

या दोन मतांचा निवाडा करायला 2012 च्या ऑगस्टमध्ये ‘व्हॅन ॲलन प्रोब्ज’ ही जुळी यानं गेली. ऑक्टोबरमधल्या वादळात अतिवेगवान इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने वाढली. नुसती वाढ पुरावा ठरत नाही. प्रश्न होता ती कुठून सुरू झाली हा. इलेक्ट्रॉन बाहेरून आले असते, तर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम वजा केल्यावर त्यांची घनता बाहेरच सर्वाधिक भरली असती. शिखर सापडलं ते पट्ट्याच्या मधोमध, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग तिथेच मिळत होता. रिचर्ड थॉर्न आणि सहकाऱ्यांनी मोजलेल्या कोरस लहरी गणितात घातल्या, तेव्हा ही वाढ जुळून आली.

गुरूभोवतीही कोरस लहरी आढळतात. तिथे आयो या चंद्रावरचे ज्वालामुखी प्लाझ्माला सतत रसद पुरवतात आणि पट्टे पृथ्वीपेक्षा कितीतरी प्रखर आहेत. म्हणूनच गुरूकडे जाणाऱ्या ‘जूनो’ यानाची संवेदनशील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा टायटॅनियमच्या जाड पेटीत बंद करून पाठवावी लागली.