विमानाचा सातबारा

कोलकात्याच्या विमानतळावर एअर इंडियाचं एक बोइंग १३ वर्षं उभं होतं आणि ते आपलं आहे हे कंपनीलाच ठाऊक नव्हतं. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी ते तिथून हललं आणि रस्त्याने बंगळूरुला निघालं. ही बातमी बहुतेकांनी हसून एकमेकांना पाठवली. मला तिची काळजी वाटली.

या ७३७-२०० चं नोंदणीचिन्ह व्हीटी-ईएचएच. १९८२ साली ते इंडियन एअरलाइन्सकडे आलं. १९९८ मध्ये अलायन्स एअरला भाड्याने गेलं. २००७ मध्ये परत आलं ते मालवाहू म्हणून. त्याच सुमारास इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि पुढे हे विमान टपाल खात्याचा माल वाहू लागलं. २०१२ मध्ये ते निवृत्त झालं. मालक बदलले, अंगावरचा रंग बदलला, प्रवाशांच्या जागी पोती आली. तरी शेपटाकडची ती पाच अक्षरं तीच राहिली.

याचं इंजिन पाहिलंत तर त्याची पिढी लगेच कळते. लांबट, सिगारसारखं, पंखाच्या पोटाला बिलगलेलं. आजच्या ७३७ चं इंजिन रुंद तोंडाचं आणि पंखाच्या पुढे आलेलं असतं. पण विमानाचं खरं वय असं डोळ्यांनी कळत नाही आणि नुसतं वर्षांतही मोजता येत नाही. एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक सायकल होते. दर सायकलला केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो. फुगा पुन्हा पुन्हा फुगवावा तसा पत्रा ताणला जातो, सैल पडतो. त्यातून रिव्हेटच्या भोकांपाशी बारीक चिरा पडतात.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या अशाच एका ७३७-२०० चं छत २४ हजार फुटांवर उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. विमान १९ वर्षांचंच होतं, पण बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याच्या ८९,६८० सायकल झाल्या होत्या. त्यात समुद्राची खारी हवा.

म्हणून विमान एका कंपनीकडून दुसरीकडे जातं तेव्हा त्याच्यामागे कागदांचे गठ्ठे जातात. किती तास उडालं, किती सायकल झाल्या, कुठला भाग कधी बदलला, कुठे ठिगळ मारलं, सगळं त्यात असतं. इंजिनातल्या ठरावीक आयुष्याच्या चकतीची जन्मापासूनची नोंद सापडली नाही, तर ती कितीही धडधाकट दिसो, विमानात बसवता येत नाही. जमिनीला सातबारा तसे विमानाला हे कागद. मालक बदलला की फेरफार नोंदवावाच लागतो.

व्हीटी-ईएचएचच्या बाबतीत नेमका हाच धागा तुटला. घसारा, विमा, देखभालीचं नियोजन अशा एकेका यादीतून ते गळत गेलं. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली तेव्हाही ते हिशेबात नव्हतं. शेवटी विमानतळानेच ‘तुमचं विमान उचला’ म्हणून कळवलं आणि जागेच्या भाड्यापोटी सुमारे एक कोटी रुपयांचं बिल लावलं.

हे विमान उडत नव्हतं, म्हणून कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण विलीनीकरणात अख्खं विमान यादीतून निसटतं, तर एखादा सुटा भाग निसटायला कितीसा वेळ लागेल? माझं मत स्पष्ट आहे. विमानाची मालकी किंवा ताबा बदलेल तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने यादी आणि प्रत्यक्ष विमान दोन्ही समोरासमोर ठेवून मोजावीत. देशभरच्या विमानतळांवर बेवारस उभ्या असलेल्या विमानांची मालकासह यादीही लोकांसमोर ठेवावी.

बंगळूरुत आता या विमानावर जमिनीवरचे देखभाल अभियंते शिकणार आहेत. त्यांना पाना हातात देण्याआधी या विमानाची गोष्ट सांगावी. पाना फिरवण्याइतकंच, फिरवला हे लिहून ठेवणं हाही देखभालीचा भाग आहे.