भगवानदादांची चाल

वरातीत पोरे नाचतात आणि आपण मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहतो. हे नवे नाच आपल्याला कुठले जमायला! तर दादर-परळच्या गिरणगावात वाढलेल्या भगवानदादांकडे पाहा.

भगवान आबाजी पालव, जन्म १९१३. वडील गिरणी कामगार, स्वतःही त्यांनी मजुरी केली, मग मूकपटांत शिरले. १९५१ साली ‘अलबेला’ काढला. दिग्दर्शक तेच, नायकही तेच. जोडीला गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचे. अंग जाड. पण गुडघे सैल, पावले छोटी, हात तालावर हलके डुलणारे. नवशिक्याने हाच नाच आधी उचलावा.

चपला काढून खळ्यात उभे राहा. गुडघे किंचित वाकवा. भार उजव्या पायावर, मग डाव्यावर, तोंडाने एक-दोन-तीन-चार. आठ दिवस एवढेच. नवशिका हातपाय एकदम हलवायला जातो आणि तिथेच ताल सुटतो. तिफणीमागे सारख्या पावलाने चालणाऱ्याला, गाणी म्हणत भात लावणाऱ्या बाईला हे जड नाही. बायकांनीही शिकावे, सुरुवातीला दार लावून का होईना. (सासूबाईंनाही आत घ्या!)

दादांचा पैसा टिकला नाही. बंगला, मोटारी गेल्या; ते दादरच्या चाळीत परतले आणि २००२ साली वारले. त्यांची चाल मात्र विसर्जनाच्या मिरवणुकीत आजही दिसते. अनंत चतुर्दशीला लालबाग-गिरगावात गेलात, तर नाचणाऱ्यांच्या हातांकडे नव्हे, पायांकडे बघा.